ज्याचं ताट त्यानं उचलायचं

अण्णा हैदराबादहून परत येणार की नाही, हे एका मॅक्रोवर अडलं होतं. आज सांगितलं तर लोक हसतात. हसू देत.

मी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कॉम्प्युटरवर बसायचो. कोणाच्या उसाला तोडणीची पाळी कधी द्यायची, हे ठरवणारी एक जुनी एक्सेलची फाईल होती. तिच्यात मॅक्रो होते, म्हणजे बटण दाबलं की एकामागून एक हिशेब करत जाणाऱ्या सूचना. बटण दाबून मी जेवून यायचो, तरी त्यांचं चाललेलंच असायचं. माझा थोरला भाऊ, अण्णा, हैदराबादेत प्रोग्रामर होता. त्यानं तोच हिशेब सी भाषेत लिहून त्याची डीएलएल बनवली, आणि ओळखीच्या कंडक्टरकडं सीडी देऊन पाठवली. डीएलएल म्हणजे तयार बांधलेला प्रोग्राम. आतलं काही दिसत नाही, पण दुसऱ्या प्रोग्रामनं हाक मारली की चटकन काम करून देतो.

आमचे साहेब म्हणाले, "फाईलीला जोडून दाखव. चाललं तर तुझ्या भावाला हितंच ठिवून घिऊ."

हे कळल्यावर आमच्या वडिलांनी, अप्पांनी, खटकचिंचोळीतल्या आमच्या घराची मागची खोली रंगवायला काढली. आई गेल्यापासून ती बंदच होती.

आणि ते काही केल्या चालेना. मॅक्रोनं हाक मारली की एरर यायची, कधी एक्सेलच गप्पकन बंद पडायचं. माझं डोकं पार फिरलं होतं. एका रविवारी घरून अण्णाला फोन लावला. तो म्हणाला, हिशेबाला दिलेले आकडे मेमरीत एका जागी मांडलेले असतात. काम झाल्यावर ती जागा आवरायची कुणी, हे दोघांत ठरलेलं लागतं. इथं मॅक्रोला वाटत होतं डीएलएल आवरेल, डीएलएलला वाटत होतं मॅक्रो आवरेल.

अप्पा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्याबरोबर म्हणाले, "कामून अडलंय रे?"

आता यांना काय सांगायचं? पण आमच्या घरात आईनं लावलेली एक शिस्त होती. ज्याचं ताट त्यानं उचलायचं, अप्पांनीसुद्धा. पाहुण्याला मात्र ताटाला हात लावू द्यायचा नाही.

"अप्पा, मॅक्रो आपल्या घरावानी हाय. जेवलं त्यानं ताट उचलावं म्हणायलाय. आन् अण्णाचा प्रोग्राम पाव्हण्यावानी जेवून उठून जायलाय."

अप्पा खूप दिवसांनी मोकळं हसले. "मंग त्याला सांग की, घरच्यावानी वाग म्हणावं."

अण्णानं तेवढंच बदललं, आपली जागा आपण आवरायची असं त्यात घातलं, आणि नवी सीडी धाडली. मी बटण दाबलं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आत सगळ्या पाळ्या समोर लागल्या होत्या. साहेबांनी पाठ थोपटली, चहा पाजला. अप्पांनी खोलीला रंगाचा दुसरा हात मारून घेतला.

पुढच्या हंगामाआधी संचालकांनी बेंगळूरहून तयार सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. साहेब म्हणाले, "आता एक्सेलची फाईलच ऱ्हाणार न्हाई, तर तिला जोडून काय करायचं?" त्यांचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. अण्णाला फोनवर सांगितलं, तर तो नुसतं "बरं" म्हणाला. त्याची कंपनी त्याला अमेरिकेला पाठवायला तयार होती आणि तो इथल्या निरोपासाठी थांबला होता. आता थांब म्हणायला मला तोंड नव्हतं.

जायच्या आधी तो घरी आला. मागच्या खोलीत झोपला, रंग चांगला आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी केली. आम्ही तिघं जेवायला बसलो. परत कधी येणार, हे कुणी विचारलं नाही. विचारून काय उपयोग होता?

जेवण झाल्यावर अण्णा नेहमीसारखा आपलं ताट उचलायला वाकला. अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले, आणि त्याचं ताट स्वतः उचलून मोरीकडं नेलं.

अण्णा उष्ट्या हातानं तिथंच उभा राहिला. मी माझं ताट उचललं.