गाभण शेळ्यांची वाट

आमलीपाड्याला रस्ता येणार ही बातमी आली, तेव्हा कालीबाई पावरा चाळीस शेळ्या घेऊन डोंगरावर होती. तळोद्याहून येणारी जीप खाली नाल्यापाशीच थांबायची. पुढचा चढ पायी. मिठाची गोणी असो की अडलेली बाळंतीण, सगळं माणसांच्या खांद्यावरून न्यावं लागायचं.

दर दिवाळीनंतर पाडा रिकामा होई. माणसं ऊसतोडीला गुजरातेत जात. नवरा वारला त्या वर्षी कालीबाईही दिराबरोबर जीपमध्ये बसली होती. जीप सुरू झाली आणि ती गाठोडं घेऊन खाली उतरली. "तुमच्या सगळ्यांच्या शेळ्या मी सांभाळते, निम्मी करडं माझी," एवढं बोलून ती उलट चढाला लागली. त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत डोंगराचा एकही कोपरा तिच्या पायाखालून सुटला नव्हता.

रस्ता आखायला कुंदन नावाचा तरुण इंजिनीअर मोटारसायकलवरून आला. रनाळ्याचा, म्हणजे सपाटीवरचा. पाड्याचे कारभारी डोंगरसिंग यांनी त्याला सरळ वर जाणारी जुनी पायवाट दाखवली. कुंदनने खुंट्या ठोकायला घेतल्या, तशी कालीबाई धावत खाली आली.

"साहेब, इथून नका नेऊ."

"का मावशी? जवळची वाट हीच तर आहे."

"गाभण शेळ्या इथून चढत नाहीत. पोट जड झालं की त्या पळसांच्या बाजूने वळसा घेतात. तुमची जीपही भरलेलीच येणार ना?"

माणसं हसली. "आता शेळ्यांना विचारून रस्ता करायचा?" डोंगरसिंग म्हणाले.

कुंदन मात्र हसला नाही. "वळसा किती लांब?"

"दुप्पट. पण मध्ये कुठे थांबावं लागत नाही."

डोंगरसिंगांचा पुतण्या लखन पुढे आला. पाड्यात मोटारसायकल त्याच्या एकट्याचीच होती. "साहेब, मी माझी गाडी सरळ वाटेने चढवतो. तुम्ही तुमची शेळ्यांच्या वाटेने आणा. बघू कोण आधी पोचतो!"

दोन दिवस कालीबाईने विळ्याने झुडपं तोडून वाट मोकळी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळा पाडा वर माथ्यावर जमला. कुणीतरी ढोलही आणला. खाली नाल्यात दोन गाड्या उभ्या राहिल्या. कुंदनला वाट ठाऊक नव्हती, म्हणून कालीबाई त्याच्या मागे बसली. जन्मात ती मोटारसायकलवर बसली नव्हती. तिने दोन्ही हातांनी त्याचा सदरा घट्ट धरला.

ढोल वाजला. लखनची गाडी गरजत सुटली आणि बघता बघता अर्धा चढ चढून गेली. वरून आरोळ्या उठल्या. इकडे कालीबाई कुंदनच्या कानात ओरडत होती, "डावीकडे! आता दगडाला धरून! घाबरू नको, पुढे सपाट आहे!" साहेबाचं 'अरे-तुरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. गाडी उडत होती, फांद्या तोंडावर सपासप लागत होत्या, आणि कालीबाई लहान पोरीसारखी खिदळत होती.

तिकडे शेवटच्या उभ्या चढावर लखनचं चाक मुरमात गरागरा फिरलं. गाडी घसरली, बंद पडली. चौघे जण ढकलायला धावले. त्यांनी ती जेमतेम दहा हात वर नेली असेल, तोच पळसांमागून कुंदनची गाडी भर्रकन माथ्यावर आली.

"अरे बापरे, हाई ते खरंच शे!" कुंदन आपल्या अहिराणीत ओरडला. शेळ्यांचं खरंच निघालं होतं. कालीबाई उतरली तरी तिचं हसू थांबत नव्हतं. सगळ्यात आधी टाळ्या लखनने वाजवल्या.

शर्यतीवर रस्ता ठरत नाही, हे कुंदन जाणून होता. पुढचे चार दिवस त्याने दोन्ही वाटांचा चढ यंत्राने मोजला. सरळ वाटेवर सुरुंग लावून कातळ फोडावा लागला असता. वळशाच्या वाटेवर नुसती कुदळ पुरत होती. त्याने कागदावर वळसा काढला, आणि वरून मंजुरीही मिळाली.

काम सुरू झालं त्या दिवशी कुंदनने चुन्याचं घमेलं कालीबाईच्या हातात दिलं. "मावशी, रेघ तुम्हीच मारा." शाळेचं तोंड न पाहिलेली कालीबाई मूठमूठ चुना सोडत पुढे निघाली आणि तिच्या मागे सगळा पाडा कुदळी घेऊन चालू लागला. यंदा रस्त्याच्या कामामुळे दिवाळीनंतर पाडा रिकामा झाला नाही, आणि होळीच्या आठवडाभर आधी पहिली जीप वर आली. तिच्यातून डोंगरसिंगांची सून तान्ह्या लेकराला घेऊन उतरली. डोंगरसिंगांनी कालीबाईपुढे हात जोडले. ती इतकी लाजली, की शेळ्यांत जाऊन उभी राहिली.

परवा समोरच्या डोंगरावरचा फुलसिंग तिला शोधत आला. त्यांच्याकडेही आखणी सुरू होणार होती. "बाई, आमचीही वाट बघून द्या." कालीबाईने क्षणभर शेळ्यांकडे पाहिलं. मग काठी जवळच उभ्या असलेल्या डोंगरसिंगांच्या हातात दिली, पदर खोचला आणि निघाली.

"तुमच्याकडे शेळ्या कोण बाई चारते?" चालता चालता तिने विचारलं. "आधी तिला बोलवा."