आत्याची किलोची थैली

अकोल्यातल्या एकूण एक वजनकाट्याशी भांडलेली बाई शोधायला निघालात, तर जठारपेठेत माझ्या आत्याच्याच दारात येऊन थांबावं लागेल. माणसांशी तिचं फारसं वाकडं नव्हतं. काट्यांशी मात्र उभा दावा होता.

आत्या मुगाच्या वड्या करून विकायची. आधी नुसत्याच करायची आणि वाटायची. तिच्या लसूण-मिरचीच्या वड्यांची भाजी एकदा खाल्लेला माणूस आठवड्याच्या आत काहीतरी निमित्त काढून पुन्हा तिच्या ओसरीवर दिसायचा. मग लोक आग्रहाने विकत मागू लागले. तेव्हा माप म्हणजे एक पोचे आलेला पितळी डबा. तो भरायचा, वर शीग लावायची आणि त्या शिगेवर आणखी एक मूठ टाकायची, ही तिच्या माहेरची, म्हणजे आमच्या भातकुलीची रीत. पण पुढे अनोळखी गिऱ्हाइकं यायला लागली आणि "किलो कशी दिली?" असं विचारायला लागली. तेव्हा आत्याला काटा हवा झाला. तोही खरा. "नावावर इकतो आपण," ती म्हणाली, "नाव कमी भरलं नाई पायजे."

त्या खरेदीला मी अमरावतीहून मुद्दाम गेलो होतो आणि परत येताना मला कोणत्याही दुकानदाराच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. पहिल्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वरचा पंखा वारा घालत होता आणि आकडे खालीवर होत होते. आत्याने दुकानदाराला शांतपणे विचारलं, "हा पेऊन आला का जी?" दुसऱ्या दुकानात तिने एकच नारळ तीनदा ठेवला आणि तीन वेगळी उत्तरं आली म्हणून काट्याला 'पलटू' ठरवलं. लोखंडी वजनांना ती हातच लावेना, कारण ती झिजतात आणि झिजलेली सांगत नाहीत. शेवटी तिने मूर्तिजापूरच्या एका भंगारवाल्याकडून जुना, दोन पारड्यांचा तराजू उचलला. रिकामी पारडी समोरासमोर अशी थांबली की आत्याचा चेहरा उजळला. "हा बोलत नाई," ती म्हणाली, "म्हणून खोटं बी बोलत नाई."

आता राहिलं वजन. त्यावर आत्याने जो उपाय काढला तो फक्त तिलाच सुचू शकतो. तिचा साऱ्या शहरात एकाच काट्यावर विश्वास होता, ओळखीच्या सराफाच्या चांदी तोलायच्या काट्यावर. ती मांजरपाटाची थैली घेऊन गेली, त्यात सराफाकडून वड्याच बरोबर एक किलो भरून घेतल्या आणि तिथेच बसून थैलीचं तोंड शिवून टाकलं. "आपला माल आपल्याच मालानं तोलावा," असा तिचा युक्तिवाद. एका पारड्यात ती थैली, दुसऱ्यात गिऱ्हाइकाच्या वड्या, आणि वर नेहमीची मूठ. मला तर त्या थैलीचा इतका अभिमान वाटला की मी आमच्या ऑफिसात तिचं वर्णन करून सांगितलं.

एकच गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. सराफाकडे नेलेल्या वड्या होळीच्या सुमाराच्या, दोनच उन्हं खाल्लेल्या होत्या. त्यानंतर थैली चैत्र-वैशाख आत्याच्या खिडकीत होती. अकोल्याच्या उन्हाळ्यात माणूस वाळतो, तिथे वडीची काय कथा.

जेठ लागता लागता मी अकोल्याला आलो होतो. आत्याने कौतुकाने कोपऱ्यावरच्या दुकानात नेलेली थैली किराणावाल्याने गमतीने आपल्या काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, तुमची थैली कमी हाय." आत्या त्याच्यावर अशी कडाडली की गिऱ्हाइकं फुटपाथवर जमली. शेजारच्या काट्यावर कमी, समोरच्या गिरणीतही कमी. "अख्खी जठारपेठ खोटी हाय का, आत्या?" मी विचारलं. "असन," ती म्हणाली आणि मला ओढत सराफाकडे घेऊन गेली. सराफाने थैली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा ठेवली. "काकू, पन्नास ग्राम कमी हाय."

आत्या तिथल्या गादीच्या कडेला बसली. थैली मांडीवर घेऊन तिने शिवण चाचपली. ती म्हणाली, "मंग अडीच महिने मी लोकायले कमी देऊन राहिली होती?"

"अगं, वर मूठ टाकत होतीस ना," मी म्हणालो. "त्यात सगळं फिटलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सात वर्षांचा झालो. "मूठ माही खुशी व्हय बे. माप त्यायचा हक हाय. खुशीतून हक कापत अस्तेत का?"

दुसऱ्या दिवसापासून मी रजा टाकून स्कूटर चालवत होतो आणि मागे आत्या मांडीवर पुड्यांची पिशवी घेऊन बसली होती. सराफाकडून तोलून आणलेली एकेक पन्नास ग्रामची पुडी, प्रत्येक किलोमागे एक. तिच्याकडे कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. पण कोणाच्या बाळंतपणाला किती, कोणाच्या जावयासाठी किती, हे तिला तोंडपाठ होतं. लोक हसायचे, चहा टाकायचे. एक सूनबाई म्हणाली, "राहू द्या न मावशी, एवढ्याशाचं काय." आत्या म्हणाली, "राहू कशाले देऊ? तुयाच हायेत." भातकुलीला तर आत्याच्या एका म्हाताऱ्या वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने पुडी देवापुढे ठेवली. चार दिवस उन्हात माझी कातडी निघाली. पण आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी कधीच कोणाच्या दारात उभा राहिलो नाही. ही माझी आत्या आहे, असं न विचारता सांगत होतो.

सगळ्या पुड्या पोहोचल्या, एक सोडून. वैशाखात आत्या गाडीने अमरावतीला येत असताना समोरच्या बाकावरच्या बाईने वड्यांचा वास घेऊन चौकशी केली होती. आत्याने माझ्यासाठी तोलून आणलेला किलो तिला देऊन टाकला आणि ती बाई मूर्तिजापूरला उतरून गेली. नाव विचारायचं राहिलं. हिरवं लुगडं आणि कपाळावर गोंदण, एवढंच आत्याला आठवतं.

आता आत्याकडे शिक्का मारलेलं वजन आहे आणि दर वर्षी ती ते तपासून आणते. हात थकले आहेत, वड्या घरापुरत्याच होतात. तरी नव्या वड्या वाळल्या की पहिली पुडी त्या बाईची बांधली जाते. मी अमरावतीला निघालो की ती माझ्या हातात येते. "भेटली त देजो," आत्या म्हणते, "आन माफी मांगजो माह्या नावानं."

पहिल्या वर्षी मी मनातून हसलो होतो. आता गाडी मूर्तिजापूरला थांबली की पुडी घेऊन खाली उतरतो आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावरच्या बायकांची कपाळं बघत उभा राहतो.