माळ्यावरची सही

विक्रोळीच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत लता खरातला दार वाजवावं लागत नसे. महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका म्हणून बावीस वर्षं ती घरोघर फिरली. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, कोण टीबीच्या गोळ्या गुपचूप गटारात टाकतो, सगळं तिला ठाऊक. मानधन तुटपुंजं, तेही रखडायचं. पण ‘लताताई म्हणाल्या’ एवढ्यावर लोक सुई टोचून घ्यायचे.

हे बिल्डरच्या माणसांनी बरोबर हेरलं. झोपड्यांच्या जागी टॉवर उभा करायचा तर रहिवाशांच्या सह्या लागतात, आणि दोन वर्षं ते हात हलवत परतत होते. मग देवेश नावाचा त्यांचा गोडबोल्या माणूस लताकडे आला. “ताई, तुम्ही नुसतं सोबत चला.”

लताला ते मनापासून पटलं होतं, हे सांगायला हवं. दरड कोसळून तिच्या डोळ्यांदेखत दोन घरं गेली होती. पहाटे डबा घेऊन रांग लावणाऱ्या बायकांना घरात संडास मिळणार, यात वाईट ते काय? तीन आठवड्यांत तिने दोनशेवर सह्या मिळवल्या.

आमच्याच गल्लीत एका खोलीवर बांधलेल्या माळ्यावर दत्ताराम आणि प्रेमा परब राहत. गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली विकून त्यांनी हा माळा घेतलेला. लता आणि देवेशने पुढे केलेला कागद दत्तारामने उलटसुलट करून पाहिला.

“लता, खालच्यांका घर गावतला. आमच्या माळ्याचा काय होतला?”

लताने देवेशकडे बघितलं.

“होऊन जाईल ना, काका,” देवेश म्हणाला.

लता त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी आहे ना.”

“तू सांगतस म्हणान करतंय,” म्हणत दत्तारामने सही केली. प्रेमाने चहा टाकला.

पात्रतेची यादी लागली आणि माळ्यांवरची एकोणतीस कुटुंबं अपात्र निघाली. नियमात वरचा मजला धरतच नाहीत. लताने अपिलाचे अर्ज लिहून दिले, ते फेटाळले गेले. देवेश फोन उचलेना. पोलीस आणि जेसीबी आले त्या दिवशी प्रेमा टेम्पोत सामान चढवत होती. लता हंडा उचलायला पुढे झाली.

“ठेव गो तो,” प्रेमा म्हणाली. “तुझ्या हातान नको.”

ती दोघं दूर दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत गेली.

टॉवर झाला. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. लताला मात्र चौथ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं, दोन्हीकडून वारा येणारं घर चिठ्ठीशिवाय मिळालं. का, ते तिने विचारलं नाही. लोक म्हणाले, दोन फ्लॅट घेतले, रोकड घेतली. ते खोटं. कोपऱ्यातलं घर मात्र खरं होतं. एकदा जिन्यात बसून ती मला म्हणाली, “मला परबांच्या माळ्यावर तेव्हाच कळलं होतं गं. देवेशचा चेहराच सांगत होता. पुन्हा विचारलं असतं तर सह्या थांबल्या असत्या.” आम्ही बाकीचे पात्र लोकही यादी लागल्यावर गप्पच बसलो होतो. शिव्या तिला एकटीला पडल्या.

गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीत दुसरा बिल्डर आला. तिथल्या बैठकीला लता बोलावणं नसताना गेली, मलाही ओढून नेलं. उभी राहून म्हणाली, “माळ्यावर राहणाऱ्यांनी लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. मी लोकांकडून करून घेतली. ते देशोधडीला लागले.”

मागून एक बाई ताडकन उठली. “आता तुम्ही राहता कुठं?”

“टॉवरमध्ये.”

“मग आम्ही इथंच सडायचं का?”

टाळ्या पडल्या. लता आणखी काही बोलू लागली, पण कुणी ऐकेना. बाहेर सह्यांचं टेबल मांडलेलं होतं, आणि रांगेत सगळ्यांत पुढे तीच बाई.

लताने तिला गाठून विचारलं, “तुझं घर खाली की वर?”

“वर,” ती म्हणाली, आणि टेबलावरचं पेन उचललं.