चोरीआधीची जाहिरात

लातूरची ती चोरी आजही आठवते, आणि आठवली की माझा मलाच राग येतो.

भूकंपाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. शहर सावरलं होतं, आणि क्लासेसच्या जोरावर नुसतं फुगत चाललं होतं. नांदेड, उमरी, देगलूर, पार इस्लापूरकडची पोरं डॉक्टर व्हायला इथं यायची. घरात दोन खोल्या जास्तीच्या असल्या की माणूस लगेच रूमचा मालक व्हायचा. अशा सगळ्या गल्ल्या माझ्या ठाण्याच्या हद्दीत होत्या. सकाळी सातला पोरं क्लासला गेली की दुपारी एकपर्यंत गल्लीत चिटपाखरू नसायचं.

त्यात तिथली एक सवय अशी, की प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली मालकिणीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असे. कूलर बिघडला, नळ गळायला लागला, पुढच्या वर्षासाठी कुणी खोली बघायला आलं, की मालकीण हातातलं काम न सोडता म्हणायची, घ्या ती किल्ली. कोण गेलं, कधी परत आलं, याचा हिशेब नाही. आम्ही सांगून सांगून थकलो. ओळखीचीच माणसं हायत साहेब, एवढंच उत्तर मिळायचं.

दीड महिन्यात पाच खोल्यांतून पाच लॅपटॉप गेले. एकाही ठिकाणी कुलूप तुटलेलं नाही. पंचनाम्यात लिहायला काही नसायचं: टेबल, वही, चार्जरची वायर, आणि बाजूला रडणारी पोरगी. मी सगळ्यांवर संशय घेतला. रूम पार्टनर, मेसची डबेवाली, मालकिणीचा रिकामटेकडा भाऊ, कुणालाही सोडलं नाही. एका फिर्यादी पोरावरसुद्धा घेतला, बापाकडून नवा लॅपटॉप उकळायला याने नाटक केलं असेल म्हणून. सेकंडहँड मालाची दुकानं पालथी घातली, पण मुद्देमालाचा पत्ता नाही.

मग खबर आली. ठाण्यासमोरच्या टपरीवाल्याकडून मला अधूनमधून काहीबाही कळायचं. तो हळूच म्हणाला, साहेब, कूलरवाल्या चाचाला बघा, पाचही खोल्यांत तो जाऊन आलेला आहे.

चाचा म्हणजे साठीचे एक मुसलमान कारागीर. तीन पिढ्या त्याच गल्लीच्या तोंडाशी दुकान. उन्हाळाभर कूलरचे पंप आणि मोटारी बसवत घरोघर हिंडायचे. मी मालकिणींना विचारलं. खरंच, पाचही घरांत त्या दीड महिन्यात चाचा येऊन गेले होते. माझ्या डोक्यात गणित सुटलं. आता वाटतं, कसलं डोंबलाचं गणित! मार्च-एप्रिलच्या लातुरात कूलरवाला कुठल्या घरात जात नाही?

चाचांना चौकशीला बोलावलं. अटक दाखवली नाही, डायरीत ओळ लिहिली नाही. सकाळी यायचं, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं, संध्याकाळी जायचं. तेव्हा असं सर्रास चालायचं आणि मीही तेच करत आलो होतो. व्हरांडा रस्त्याला लागून होता. क्लासला जाणारी पोरं, भाजी घेऊन येणाऱ्या बायका, सगळ्यांची ये-जा तिथूनच.

दर तासाला मी त्यांना आत घ्यायचो. वयाने वडिलांसारखा माणूस, पण मी अरे-तुरे करत होतो. माल कुठं ठेवलास, कुणाला दिलास. त्यांचं एकच होतं, "साहेब, मी पंप बसवतो अन् किल्ली वापस देतो. दुसरं मला काय मालूम न्हाई." आवाज चढवला तरी ते शांत. या शांतपणाचाही मला संशय आला. निर्ढावलेला दिसतोय, असं मी ठाणे अंमलदाराला म्हणालो.

दोन हवालदारांना मी जाहिराती बघायच्या कामाला लावलं होतं. जुन्या वस्तू विकायची जी वेबसाइट सगळ्यांना माहीत होती, ती रोज सकाळी चाळायची. त्यांना तिथं काही मिळालं नाही. चाचा बाकावर बसायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी लवकरच, आमची एक महिला शिपाई माझ्यासमोर आली. मूळची उमरीची, ठाण्यात कॉम्प्युटरवर गुन्ह्यांच्या नोंदी भरायचं काम तिच्याकडे होतं.

ती म्हणाली, "सर, एकच साइट कशाला बघून राहिलेत? असल्या डझनभर साइटी हायत. एका ठिकाणी शब्द टाकला की समद्यांच्या जाहिराती एकदम समोर येतात. मी माझी स्कूटी अशीच शोधली."

मला पटलं नाही. एवढं सोपं असेल तर चोरालाही ठाऊक असणार, असं मी म्हणालो. पण बघ म्हटलं. तिने लातूर टाकलं, काही नाही. मग नांदेड टाकलं. तासाभराने तिने कागद छापून माझ्या टेबलावर मांडले. पाचही लॅपटॉप त्यात होते. एकावरचं मोराचं स्टिकर, एकाचा तुटलेला कोपरा, सगळं फिर्यादीतल्या वर्णनाबरहुकूम. प्रत्येक जाहिरात वेगळ्या साइटवर, वेगळ्या नावाने, आणि खाली तेच वाक्य: शिक्षण पूर्ण झाल्याने विकणे आहे.

तिने तारखांवर बोट ठेवलं. प्रत्येक जाहिरात चोरीच्या दोन-तीन दिवस आधीची होती.

मी आधी तिलाच झापलं, की तू तारखा चुकीच्या घेतल्यास. ती स्टेशन डायरी घेऊन आली. तारखा बरोबर होत्या. म्हणजे चोर आधी फोटो टाकत होता, गिऱ्हाईक पक्कं करत होता आणि मगच वस्तू उचलत होता. चोरीचा माल त्याच्याकडे एक दिवसही राहत नव्हता, मग आम्हाला सापडणार काय, कपाळ!

"अन् सर, हा सहावा," ती म्हणाली. दोनच दिवसांपूर्वीची जाहिरात होती आणि तशी एकही फिर्याद आमच्याकडे नव्हती. फोटोत टेबलावर लॅपटॉप, मागे भिंत, आणि भिंतीवर तिरपी जाड रेघ.

मी विचार करत बसलो, तोवर ही पोरगी कागद घेऊन थेट बाकावर गेली. चाचा, तुम्ही समद्या खोल्यांत जाता, ही भिंत वळखता का, असं तिने विचारलं. चाचांनी चष्मा लावून पाहिलं.

"ही भूकंपाची भेग हाय, बेटी. मागच्या गल्लीत टाकीजवळचं घर, वरची खोली. मालकानं शिमिट भरलं, रंग दिलाच न्हाई."

यावर माझ्या मनात काय यावं? खोली ओळखली, म्हणजे चोर हाच, आणि माल उचलायला याचा कुणी साथीदार येणार. लाज वाटते सांगायला, पण तेच आलं. चाचांना तिथंच बसवून, साध्या कपड्यात आम्ही त्या घरी गेलो. लॅपटॉप टेबलावर जसाच्या तसा होता. पोराला क्लासमधून बोलावून घेतलं. तो म्हणाला, मी तर विकायला काढलाच नाही.

त्या पोराला आम्ही परत पाठवलं. मी आणि ती शिपाई शेजारच्या रिकाम्या खोलीत दार लोटून बसलो. मालकिणीला ताकीद दिली, की आज जो किल्ली मागेल त्याला द्यायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. साडेदहाला जिन्यात पावलं वाजली. कुलूप उघडलं. मी आत शिरलो तेव्हा लॅपटॉप पिशवीत जात होता.

तो खोल्या दाखवणारा एजंट होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, प्रत्येक मालकिणीला मावशी म्हणायचा. आधीच्या चौकशीत मी त्याला दोनदा खुर्ची दिली होती आणि चहा पाजला होता, कारण तो आम्हाला आपणहून माहिती द्यायचा. नवीन पालकांना दाखवायला म्हणून तो खोल्यांचे फोटो काढायचा, आणि त्यातच टेबलावरच्या वस्तूंचेही. माल दुपारच्या एसटीने नांदेडला.

ठाण्यात आणल्यावर त्याने फारसा वेळ घेतला नाही, सगळं कबूल केलं. शेवटी मी विचारलं, तुला पकडले जाण्याची भीती नव्हती का? तो म्हणाला, "तुम्ही चाचाच्या मागं होता की. टपरीवर मीच बोललो होतो तसं."

मी टपरीवाल्याला बोलावून उभं केलं. होय साहेब, तोच म्हणाला, मी तुम्हाला सांगितलं. खबर पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. रंगरूटालाही शिकवतात ते.

चाचांना मी स्वतः जाऊन सांगितलं, की तुम्ही आता घरी जा, चोर सापडला. ते उठले, गुडघे चोळले आणि निघून गेले. पेपरात बातमी आली. मला वाटलं, विषय मिटला.

महिन्याभराने त्या गल्लीतून जाताना चाचा दुकानापुढे भर उन्हात एक कूलर उघडून बसलेले दिसले. पलीकडे दोन पोरं दुसरा कूलर जिन्यावरून उतरवत होती. मी विचारलं, लोकांच्या घरी जाऊन का नाही करत?

"साहेब, चोर घावला हे पेपरात आलं. पण मी तीन दिस तिथं बसलेलो, ते समद्यांनी डोळ्यानं पाहिलं. कुणी काय म्हणत न्हाई मला. किल्ली तेवढी देत न्हाईत."

मी मालकिणींकडे गेलो. त्यातल्या एकीने खरं ते तोंडावर सांगितलं, माणूस चांगला हाय हो, पण पोरींच्या खोल्या हायत, उगं नको. पुढच्या उन्हाळ्यात दुकानाला कुलूप होतं. मुलीकडे नांदेडला गेले, असं शेजाऱ्याकडून कळलं.

त्यानंतर कुठलीही खबर आली की मी आधी विचारत असे, तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? तरुण अधिकारी भेटले की त्यांनाही हेच सांगतो. त्या तपासाबद्दल मला वरिष्ठांचं प्रशस्तिपत्र मिळालं, शिपाई पोरीलाही मिळालं. आरोपपत्र चांगलं जाडजूड झालं होतं. त्यात चाचांचं नाव कुठेच नाही, साक्षीदार म्हणूनही मी घेतलं नाही. त्यांचंही काही चोरीला गेलं होतं, पण ती फिर्याद कुणी लिहिली नाही. लिहून घ्यायला त्या ठाण्यात मीच बसलो होतो.