कोणी कोणाला धीर दिला

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका वर्तमानपत्राच्या संपादकांना खरमरीत पत्र लिहीत बसलो होतो. विषय गोदावरीच्या पाण्याचा होता आणि त्यांनी छापलेले सगळेच चूक होते. फोनवर दत्तूचा पुतण्या होता. "काका, आमचे काका गेले. पूजेला बसले होते, तिथेच कलंडले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं." मी त्याला म्हणालो, "नीट बघ." पाटबंधारे खात्यात आयुष्यभर हाताखालच्या माणसांना मी हेच सांगत आलो. तो बिचारा म्हणाला, "बघितलं काका..."

दत्तात्रय गुरुजी हे पंचवटीतले तीर्थोपाध्याय. गंगेवर, म्हणजे आम्ही नाशिककर गोदावरीला जे म्हणतो त्या गंगेवर, त्यांच्या घराण्याची बसायची जागा ठरलेली. बाहेरगावच्या यजमानांची श्राद्धे, पिंडदाने त्यांनी जन्मभर केली. मी निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. शिकायला नाशिकला आलो आणि शाळेत त्याच्या शेजारी बसलो. तेव्हापासून तो माझा दत्तू आणि मी त्याचा रंगा. त्याचे सोवळे कडक, माझी जीभ कडक. मैत्री टिकली ती एकमेकांना कधीच न सुधारल्यामुळे.

तो गेल्यावर त्याच्याविषयी जे बोलले जात आहे ते मला मान्य नाही. घाटावर बोलतात की डॉक्टरांनी भोळ्या गुरुजींवर प्रयोग केला आणि त्यात त्यांचा बळी गेला. हे साफ खोटे आहे. आम्हा दोघांनाही प्रोस्टेटचा कर्करोग होता आणि आम्ही दोघेही एकाच अभ्यासात स्वखुशीने दाखल झालो होतो. गाठीवर किरणांचा नेमका नेम धरून, थोड्याच बैठकांत मोठी मात्रा द्यायची ही एक पद्धत. दीड-दोन महिने जवळजवळ रोज थोडी थोडी मात्रा द्यायची ही दुसरी, नेहमीची. कोणती कोणाला किती मानवते हे पाहण्यासाठी तो अभ्यास होता. संमतीपत्रावर मी एका दमात सही केली. भोळ्या गुरुजींनी मात्र डॉक्टरबाईंना तासभर उलटतपासणी घेऊन घाम फोडला. त्याच्या हृदयाचा या उपचाराशी संबंध नव्हता, हे त्या बाईंनी मला समोर बसवून समजावले आहे.

दुसरी कथा त्याच्या ज्ञातिबांधवांनी श्रद्धांजलीच्या पत्रकात छापली. नव्या पद्धतीची जागा गुरुजींनी मित्राला दान केली म्हणे! अहो, कोणाला कोणती पद्धत मिळणार हे संगणक ठरवतो. तिथे ना डॉक्टरांची शिफारस चालते ना रुग्णाची. मला नवी पद्धत मिळाली, त्याला नेहमीची. त्या दिवशी मला लपवता येऊ नये इतका आनंद झाला होता, आणि दत्तू म्हणाला, "तुझं बरंय. आयुष्यभर पुढच्या बाकावर बसलास, इथेही पहिला नंबर." दानबिन काही नाही.

तिसरी कथा शोकसभेत सांगितली गेली. किरणोपचाराच्या नावाने हात-पाय गाळून बसलेल्या गुरुजींना त्यांच्या एका मित्राने धीर दिला, हाताला धरून रुग्णालयात नेले आणि आपले उपचार संपल्यावरही त्यांच्यासोबत रोज जात राहिला. लोक गहिवरले. ही कथा सांगणारा मीच होतो... आणि तिन्हींत सर्वांत खोटी तीच निघाली.

मला जसे दिसले तसे आधी सांगतो. माझे निदान झाले तेव्हा मी उपचार घ्यायला नकार दिला होता. मरणाची भीती नव्हती. भीती होती ती लघवीवरचा ताबा जाण्याची. ज्याने धरणांचे दरवाजे सांभाळले त्याने म्हातारपणी लंगोट बांधून हिंडायचे? मुलाशी भांडलो, सुनेला रडवले. तशात एका संध्याकाळी दत्तू आला. पायरीवरच बसला आणि म्हणाला, "रंगा, मलाही तेच निघालंय. एकट्याने जायची छाती होत नाही रे. तू येशील?" त्याने आयुष्यात माझ्याकडे काही मागितले नव्हते. मी ताडकन म्हणालो, "मी असताना घाबरतोस काय?" आणि निघालो.

या उपचाराची एक गंमत आहे. यंत्राखाली झोपण्यापूर्वी मूत्राशय भरलेले लागते, म्हणजे नेम चुकत नाही. दत्तू पहिल्या दिवशी सकाळचे श्राद्ध उरकून थेट आला होता. श्राद्ध पुरे होईपर्यंत तो पाण्याचा थेंब घेत नसे. यंत्र चालवणाऱ्या मुलीने त्याला आतून परत पाठवले. "गुरुजी, काहीच भरलेलं नाहीये. तिथे कूलर आहे, भरपूर पाणी प्या आणि थांबा."

"कूलरचं मी घेत नाही, बाई."

"आतले किरण चालतात आणि कूलर चालत नाही?" मी म्हणालो.

"किरण सूर्याच्या खात्यातले," दत्तू म्हणाला. "कूलर कोणाच्या, ते मला ठाऊक नाही." ती मुलगी तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. त्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन बाटलीत पाणी भरून आणले.

दुसऱ्या दिवसापासून तो देवघरातला तांब्याचा गडू भरून आणू लागला. माझ्या शेवटच्या बैठकीला मी बाटली घरी विसरलो, तेव्हा त्याने गडू माझ्यापुढे केला. मी ओंजळ पुढे धरली. इतक्या वर्षांत त्याच्या भांड्याला मी कधी हात लावला नव्हता. "तोंड लावून पी," तो म्हणाला. मी विचारले, "आणि सोवळं?" तो म्हणाला, "ते गंगेवर. इथे आपण दोघंही सारखेच ओवळे." पुढे त्याचे उपचार चालू असताना मी त्याला रोज स्कूटरवरून नेई आणि गरज नसताना त्याच्याबरोबर पाणी पिई. सोबत म्हणून! केवढा मोठा वाटत असे मी स्वतःला.

शोकसभेनंतर चार दिवसांनी सुमनवहिनींनी, म्हणजे दत्तूच्या पत्नीने, बोलावून घेतले. चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, सभेत मी गप्प बसले. चार लोकांत तुम्हाला खोटं कशाला पाडायचं? पण तुम्ही त्यांना भित्रा म्हणालात, ते मला सोसवत नाही."

मी म्हणालो, "वहिनी, तो स्वतःच तसं म्हणाला होता."

"म्हणणारच. नाहीतर तुम्ही हलला असतात का जागचे?"

मग त्यांनी सांगितले. दत्तूचे निदान माझ्या कितीतरी आधी झाले होते. गाठ लहान, वाढ सावकाश. नियमित तपासण्या करून नुसते लक्ष ठेवले तरी चालेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हवे तर उपचारही घेता येतील, पण घाई नाही. लक्ष ठेवणेच त्याने पसंत केले होते, कारण त्याला गंगेवर बसायचे होते. माझा नकार कानावर आला आणि त्याने विचार बदलला. वहिनी म्हणाल्या, "मी भांडले हो त्यांच्याशी. तर म्हणाले, त्याला आधार देऊन चालणार नाही, तो झिडकारेल. त्याच्याकडे आधार मागायला हवा."

मी विचारले, "आणि त्याचे गुडघे?" उपचारांनंतर काही महिन्यांनी दत्तूने गंगेवरची जागा पुतण्याला दिली होती. गुडघे गेले, असे मला सांगितले होते. "किरण गुडघ्यांनाही घ्यायचे होतेस," अशी मी त्याची थट्टा करत असे, आणि तो हसत असे.

"गुडघे धडधाकट होते," वहिनी खाली बघून म्हणाल्या. "तासन्‌तास एका जागी बसवेना. एकदा पिंडदान चालू असताना मध्येच उठावं लागलं, आणि... पोचले नाहीत वेळेवर. यजमानांसमोर. सोवळ्यात. घरी आले, स्नान केलं, आणि पुन्हा जागेवर बसले नाहीत."

ज्या लाजेच्या भीतीने मी मरण पत्करायला निघालो होतो, ती त्याच्या वाट्याला आली. मला आज कसलाही त्रास नाही. यात कोणाचा दोष नाही; कोणाला काय होईल हे आधी सांगता आले असते तर अभ्यास कशाला लागला असता? पण हे वाक्य कितीही नीट बांधले तरी मला त्याच्या आडोशाला उभे राहता येत नाही. माझ्यासाठी माणूस जागेवरून उठला, आणि मी भरसभेत त्याला भित्रा ठरवून स्वतःची पाठ थोपटून घेतली. ज्यांनी ते भाषण ऐकले त्यांनी ते चूक समजावे, एवढ्यासाठी हा लेख.

निघताना वहिनींनी तो गडू माझ्या हातात दिला. "तुम्ही तोंड लावल्यावर तो देवघरात परत गेला नाही. त्यांनी देवांसाठी दुसरा आणला. हा तुमचा म्हणून फळीवर वेगळा ठेवला होता."

परवा अभ्यासाच्या तपासणीला एकटाच गेलो. लघवीची धार मोजायची असते. त्यासाठीही मूत्राशय भरलेले लागते. घरून गडू भरून नेला होता आणि बाकावर शेजारी ठेवला होता, जिथे तो बसे तिथे. ओठांपर्यंत नेववेना. आत बोलावले तेव्हा किरणांच्या यंत्रावरची तीच मुलगी होती. तिने तपासले आणि म्हणाली, "काका, काहीच भरलेलं नाहीये. पाणी प्यायला नाहीत का? गुरुजींसारखं करू नका हं. कूलर आहे तिथे."

"कूलरचं मी घेत नाही," मी म्हणालो. ती हसली नाही.

मी बाहेर आलो, बाकावर बसलो, दोन्ही हातांनी गडू उचलला आणि तोंड लावून सगळा प्यालो.