लाल कोटातला ताप

तापाने फणफणलेल्या माणसावर दोन-दोन गोधड्या घालून त्याचा घाम काढायला बसलेले नातेवाईक दिसले की पेशंटआधी माझंच डोकं तापतं. गोधड्या ओढून काढते, पंखा लावते, चार शब्द सुनावते. वसईतल्या एका छोट्या इस्पितळात इतकी वर्षं हेच करत आले. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम वॉर्डात झालंच नाही. ते झालं जवळच्या पापडी गावात, केळीच्या वाडीत, अंगावर नवी कोरी रेशमी साडी असताना.

आमच्या वॉर्डातल्या एका तरुण नर्सचं लग्न होतं. मे महिना, घामाने जीव नकोसा झालेला, वाऱ्याचं नाव नाही. डोक्यावरची पांढरी जाळी मीच बसवायची असा तिचा हट्ट, म्हणून मी दुपारीच तिच्या घरी पोचले होते. अंगणात मांडव होता. तिथून नवरीला वाजतगाजत चर्चमध्ये न्यायचं, चारला लग्नविधीची मिस्सा, मग संध्याकाळी याच मांडवात जेवण, असा बेत होता. बँडवाले येऊन उभे राहिले होते. जाड लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्या कोटांकडे खिडकीतून बघूनच मला उकडायला लागलं.

मी नवरीच्या केसांत पिना खोचत होते तेवढ्यात बाहेर ट्रम्पेट वाजलं आणि घरातल्या सगळ्या बायका खिडकीकडे धावल्या. ती लग्नाची धून नव्हती. इकडे लग्नाला आणि मयताला बहुतेक वेळा तोच बँड येतो, आणि त्या ट्रम्पेटवाल्याने लग्नघराच्या दारात मयताची धून धरली होती!

मग बाहेर जो गोंधळ उडाला तो काय सांगू. नवरीचे वडील मारायच्या बेतात धावले. बँडमास्तरने त्या माणसाच्या हातातून ट्रम्पेट हिसकावून घेतलं. तो बिचारा हसत होता, झोकांड्या खात होता आणि काहीतरी असंबद्ध बोलत होता. "चढलीय त्याला," कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणायला लागले. दोघांनी त्याला काखेत धरून बँडच्या टेम्पोत नेऊन आडवा केला. झोपून उठला की उतरेल, असा निकाल लागला. टेम्पो भर उन्हात उभा होता.

मीही पुन्हा पिना खोचायला लागले होते. लग्नात एखाद्याने जास्त घेतली तर त्यात नवल काय? पण खिडकीखाली बँडमास्तर नवरीच्या वडिलांची समजूत काढत होता आणि त्याचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "शेठ, माफ करा. दारू सुटली होती त्याची, आज परत कुठून ढोसून आला देव जाणे. पण आयुष्यभर प्यायला, तेव्हासुद्धा कधी अशी चूक नाही केली हो. पिऊन जास्तच चांगला वाजवायचा."

माझा हात थांबला. जो माणूस पिऊन कधी चुकला नाही, तो आज का चुकावा? आणि एवढ्या उकाड्यात, त्या कोटात?

मी पिना तशाच टाकून पळाले. टेम्पोच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसला. आत तो माणूस तोंड उघडं टाकून पडला होता. तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. दारूचा वास नव्हता. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. हाक मारली तर नुसता कण्हला.

"याला दारू नाही चढलेली," मी ओरडले, "ऊन चढलंय! मरेल हा माणूस. उचला!"

लोक माझ्याकडे बघत राहिले. रेशमी साडीतली बाई टेम्पोतून आरडाओरडा करतेय, त्यांना तरी काय कळणार? तेवढ्यात मागून नवरी आली, लग्नाच्या पांढऱ्या गाऊनमध्ये, जाळी अर्धी लटकलेली, हातात घरातला थर्मामीटर. तिने तो त्याच्या काखेत धरला आणि आकडा मला दाखवला. एकशे सहा. आम्ही दोघी लगेच कामाला लागलो.

त्याला मांडवाच्या सावलीत आणून कुशीवर निजवला. कोटाची बटणं निघेनात, तेव्हा केळीची पानं कापायच्या सुरीने कोट फाडला. बँडमास्तर "अहो बाई, भाड्याचा कोट!" म्हणेपर्यंत दुसरी बाहीसुद्धा फाडून झाली होती. नवरीने विहिरीचा पंप चालू करायला लावला आणि बागेला पाणी द्यायचा पाइप सरळ त्याच्या अंगावर धरला. मांडवातले उभे पंखे ओढून चारी बाजूंनी लावले. नुसतं पाणी ओतून भागत नाही. ते अंगावरून उडालं पाहिजे, म्हणजे उष्णता घेऊन जातं.

"बर्फ कुठाय?" मी विचारलं.

नवरीचे वडील आडवे आले. "सिस्टर, तो संध्याकाळच्या पाहुण्यांचा बर्फ आहे. आणि इथे मिस्सेला उशीर होतोय, फादर थांबलेत तिकडे."

"पाहुण्यांना कोमट पाजा!" मी म्हणाले. "तुमच्या दारात मयत झालं तर कोण येणार आहे जेवायला?"

मग त्यांचं लक्ष त्या माणसाच्या वर फिरलेल्या डोळ्यांकडे गेलं. ते मागच्या दाराने गेले आणि पाचूबंदरच्या मासळी बंदरावरून आणलेली बर्फाची अख्खी लादी स्वतःच्या खांद्यावर घेऊन आले. स्वतःच फोडायला बसले. नॅपकिनमध्ये गुंडाळलेले तुकडे आम्ही त्याच्या मानेला, काखेत, जांघेत लावत होतो आणि ते नवे करून देत होते. एक मावशी लिंबूसरबत घेऊन आल्या, पाजा म्हणजे उतरेल म्हणून. मी तो पेला बाजूला सारला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी पोटात जात नाही, छातीत जातं. कोणी तापाची गोळी पुढे केली. हा ताप गोळीला दाद देणारा नव्हता. शरीराने स्वतः आणलेला ताप वेगळा, आणि बाहेरून कोंडलेली ही आग वेगळी.

आणि तरी तो डोळे उघडेना. श्वास भराभर चालला होता. मला भीती वाटली, खूप भीती वाटली. वॉर्डात पाठीशी डॉक्टर असतो, इथे नुसती केळीची झाडं. नवरीचा गाऊन चिखलाने भरला होता, तिची आई रडत होती आणि पोरगी पाइप सोडायला तयार नव्हती.

मग त्याच्या दंडावर काटा आला. अंग शहारलं, दात वाजले. "थंडी वाजतेय त्याला, चादर घाला," असं दोघे-तिघे म्हणाले, आणि मी आनंदाने किंचाळलेच. मघापर्यंत दगड झालेलं शरीर आता कुरकुर करायला लागलं होतं! लगेच बर्फ काढायला लावला, नाहीतर गार करायच्या नादात माणूस नको तितका गार होतो. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वरात निघाली काय?"

अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या.

मघाशीच बोलावलेली ॲम्ब्युलन्स अजून वाटेतच होती. नवरी म्हणाली, "माझी गाडी घ्या, सिस्टर. एसी आहे." फुलांनी सजवलेल्या त्या गाडीत मी त्याला घेऊन बसले, काचा वर, गार हवा पूर्ण सोडलेली. रस्त्यावरची माणसं नवरा-नवरी बघायला वाकायची आणि आत त्यांना ओला उघडाबंब माणूस आणि विस्कटलेली मी दिसायची. मागे नवरी चिखलाच्या गाऊनमध्ये बँडबरोबर पायी चर्चला गेली. ट्रम्पेट नव्हतं, पण त्या दिवशी बँड जेवढ्या जोरात वाजला तेवढा पापडीत कधी वाजला नसेल, असं सगळे सांगतात.

इस्पितळात नीट मोजलं तेव्हा ताप एकशे दोनवर आला होता. सलाईन लागली, रक्त तपासायला गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ त्या टेम्पोत राहता तर हाती काही लागलं नसतं. मी त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसत बसले. तो डोळे मिटून पडला होता.

संध्याकाळी त्याची बायको आली. गोखिवऱ्याहून निघून ती आधी पापडीला गेली होती; तिथे मांडव रिकामा, कोणा पोराने नुसतं इस्पितळाचं नाव सांगितलं, म्हणून इकडे. पदर खोचलेला, डोळे लाल. बँडमास्तरने पहिल्याच धडाक्यात तिला फोन केला होता, नवरा पिऊन पडलाय म्हणून.

"कुटं हाय तो?" ती दारातूनच ओरडली. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली व्हती त्यानं! पानी सोडते मी आता या संसारावर!"

मी तिला दारातच अडवलं. "त्यांनी थेंबभरही घेतलेली नाही. मी स्वतः वास घेतलाय. सकाळी कुठे होते ते?"

"कारखान्यात. भट्टीवर." तिचा आवाज खाली आला. "डबल ड्यूटी केली, मंग बँडला गेला."

"मग ऐका. भट्टी, वर तो कोट, वर हे ऊन. त्यामुळे पडले. मरता मरता वाचलेत तुमचे यजमान."

"खरं सांगता, बाय? कोन म्हंतं असं, डागदर?"

"डॉक्टरही म्हणतात आणि मीही म्हणते."

तिने दाराची चौकट धरली. रडली नाही, नुसता मोठा श्वास सोडला, कितीतरी वेळ कोंडून ठेवलेला. मग हळूच जाऊन त्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले. तिला बघून तो घाबरून उठायलाच लागला.

"मी... घेतली नाय गं," तो पुटपुटला. "देवाशपथ."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मी कवा म्हनलं घेतली म्हनून?"

आणि त्याच्या डोक्यावरून तिने माझ्याकडे असं काही डोळे वटारून पाहिलं की बस्स.

"अहो, खरंच," मी म्हणाले, "आल्यापासून त्या आम्हाला हेच सांगतायत."