डाव्या कोपऱ्यातलं लाल विमान

जिलानी मिस्त्रीच्या हाताला एक खोड होती. दुरुस्तीला कुठलाही बोर्ड आला की तो आधी धुवायचा. रेडिओचा असो, टीव्हीचा असो नाहीतर व्हिडिओ गेमचा. पत्र्याच्या ट्रेमध्ये पेट्रोल ओतायचं, जुना ब्रश घ्यायचा आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक "अहो, नुसता फ्यूज गेलाय" म्हणून कितीही ओरडलं तरी बोर्ड दोन्ही अंगांनी लख्ख करायचा. ही खोड त्याला नांदेडच्या वकारमामूंनी लावली होती. मामूंचं तिथं रेडिओचं दुकान होतं आणि शाळेनं हात टेकल्यावर आईनं जिलानीला या भावाच्या स्वाधीन केलं होतं. "पैले धो, बाद में देख," हे मामू दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे, की जिलानीला ते स्वप्नातही ऐकू यायचं.

पुढे रईसाशी लग्न होऊन तो लातूरला आला आणि गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. त्याच सुमारास बसस्टँडच्या आजूबाजूला व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली. कपाटाएवढे लाकडी खोके, आत टीव्हीची काच, खाली दांड्या आणि बटणं. रुपयाचं नाणं टाकलं की विमानं उडायची. या खोक्यांना हात लावायला बाकीचे मेकॅनिक घाबरायचे, कारण आतल्या बोर्डाचा नकाशा कुणाकडेच नव्हता. जिलानीनं सोपी युक्ती काढली. एक चालू बोर्ड आणि एक मेलेला बोर्ड शेजारी शेजारी ठेवायचा आणि मीटर लावून चिपांचा एकेक पाय ताडून बघायचा. जिथं दोघांचं पटत नाही, तिथं दुखणं. जिल्ह्यातले सगळे गेम त्याच्याकडे यायला लागले, पण खोटं कशाला सांगा, त्याला स्वतःला एकही गेम धड खेळता येत नव्हता. डावं, उजवं, गोळी, एवढं तपासलं की तो मशीन बंद करायचा.

चांगलं खेळणारी माणसं त्याला माहीत होती, आणि त्यातली सगळ्यात तरबेज होती गुणाबाई.

किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात रामलिंगअप्पांचं चहाचं हॉटेल होतं. गुणाबाई त्यांची बायको. लोह्याजवळच्या माळेगावच्या जत्रेतून अप्पांनी एक जुना विमानांचा गेम विकत आणला आणि हॉटेलात, भट्टीपासून जरा लांब, उभा केला. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. मग नवरा-बायको दोघं खेळायला बसायची. पांढरं विमान अप्पांचं, लाल गुणाबाईचं. एकदा दुरुस्तीसाठी जिलानी तिथं गेला होता, तेव्हा त्यानं तिला खेळताना पाहिलं. पदर कमरेला खोचलेला, ओठ दाताखाली धरलेला, आणि लाल विमान साऱ्या पडद्यावर वाऱ्यासारखं फिरतंय. अप्पा काही सांगायला गेले तर म्हणाली, "अवं, तुमी गप बसा बरं, मला मारू द्या." जिलानी हसत हसत परतला आणि रात्री रईसाला त्यानं सगळं रंगवून सांगितलं. आपणही असा एक खोका घरी आणावा, असं रईसा म्हणाली होती.

मग भूकंप झाला. त्या पहाटे लातूरही गदगदा हललं आणि पुढचे कित्येक दिवस गल्ली रस्त्यावर झोपली. अप्पांच्या गावात झोपायला गल्लीच उरली नव्हती. हॉटेल आणि घर एकाच छपराखाली होतं, दगड-मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं जाडजूड धाबं. ते सगळं खाली आलं. गुणाबाई त्यात गेली.

पुढच्या पावसाळ्यात अप्पा टेम्पो घेऊन जिलानीच्या दारात आले. टेम्पोत तोच गेम होता. खोक्याचा चुराडा झाला होता, काच फुटली होती, पण बोर्ड शाबूत होता. ढिगाऱ्यातून त्यांनी तो स्वतः उकरून काढला होता. जिलानीनं दुसऱ्या खोक्यात दुसरी काच बसवली आणि बोर्ड जोडला. बाहेर झिमझिम चालू होती. चित्र उमटलं, अप्पांनी नाणं टाकलं, दोघांच्या खेळाचं बटण दाबलं आणि पांढरं विमान हलवायला सुरुवात केली.

लाल विमानाच्या दांडीला कुणाचाही हात नव्हता. तरी ते थरथरलं आणि हळूहळू सरकत डाव्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं.

जिलानीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तो पडला मिस्त्री माणूस. त्यानं मागचं फळकूट काढलं, बॅटरी मारली आणि त्याला कारण सापडलं. बोर्डाच्या कडेला, जिथं दांड्यांच्या तारा येऊन मिळतात, तिथं पांढरी माती बारीक पिठासारखी बसली होती. पावसाळी हवेनं ती ओलावली होती आणि तांब्याच्या शेजारशेजारच्या दोन रेघा तिच्यामधून एकमेकींना चिकटल्या होत्या. मशीनला वाटत होतं, कुणीतरी दांडी डावीकडे ओढतंय. त्यानं सवयीनं ब्रश उचलला. अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको, जिलानीभाई."

"अप्पा, काही नाही, नुसती माती हाय आत."

"कुठली माती?"

जिलानीला उत्तर द्यावं लागलं. "तुमच्या घराचीच."

"मग राहू दे," अप्पा म्हणाले.

त्यानं ब्रश खाली ठेवला. न धुता दुकानातून गेलेला त्याच्या आयुष्यातला तो पहिला बोर्ड.

गावात मन रमेना म्हणून अप्पा पुढे लातूरला राहायला आले. तोवर शहराला शिकवण्यांचं वेड लागलं होतं. मुदखेडपासून शिरूर अनंतपाळपर्यंत कुठून कुठून पोरं यायची, डॉक्टर-इंजिनियर व्हायला. जिकडं बघावं तिकडं गुणवंतांचे फोटो लावलेले फलक, आणि त्या फोटोतली पोरं हसायलासुद्धा परवानगी काढल्यासारखी. अप्पांनी या पोरांसाठी मेस काढली. मेसच्या मागच्या खोलीत, पिठाच्या डब्यांशेजारी, त्यांनी तो गेम ठेवला. पोरांना तिथं मज्जाव होता. पावसाळा सुरू झाला की अप्पा दुपारी दार लावून आत बसायचे, कारण लाल विमान फक्त ओल्या हवेत हलायचं. उन्हाळ्यात ते निमूट जागच्या जागी उभं असायचं.

काही बिघडलं की जिलानी जायचा. तो खोक्याच्या मागं बसून काम करायचा आणि अप्पा पुढं खेळत असायचे. मशीनच्या आवाजात अप्पा काहीतरी पुटपुटताहेत एवढं त्याला कळायचं, शब्द कळायचे नाहीत. बायकोशी बोलत असतील, असं त्यानं मनाशी धरलं. म्हाताऱ्याचा तेवढाच विरंगुळा. आपण एक बोर्ड घाण ठेवतोय त्याचं पुण्य कुठंतरी लिहिलं जात असेल, असंही त्याला वाटायचं. रईसाला मात्र हे कधी रुचलं नाही. "मातीत अडकलेल्या माणसाला तसंच ठेवू नये," असं ती म्हणायची आणि विषय बदलायची.

शिकवण्या वाढल्या तशी पार्लरं बसत गेली. पोरं गेम खेळतात म्हणून आईबाप भांडायला यायचे, क्लासवाले वेगळेच डाफरायचे. एकेक मालक शटर ओढायचा आणि मशीनं मिळेल त्या भावात जिलानीच्या दारात टाकून जायचा. अशाच एका पावसाळ्यात, एका बंद पडलेल्या पार्लरचे बोर्ड पोत्यात भरून आले. त्याच दिवशी, जिलानीला जायला सवड नव्हती म्हणून, अप्पांच्या मेसमधला माणूसही चित्र येईना असं सांगून त्यांचा बोर्ड पोत्याशेजारी ठेवून गेला. सगळे बोर्ड एकाच गेमचे, विमानांचे. दुकानात गर्दी होती, डोळ्यांना चष्मा लागलेला होता, हात आपला सवयीनं चालत होता. जिलानीनं एक बोर्ड धुतला, दुसरा धुतला, पुढचा ट्रेमध्ये घातला आणि ब्रश फिरवला.

पेट्रोल पांढरं झालं.

त्यानं ब्रश बाहेर काढला. ट्रेच्या तळाशी माती हळूहळू बसत होती. पार्लरच्या बोर्डावर बिडीची राख असते, झुरळं असतात, पांढरी माती नसते. आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं. एका माणसाची बायको एकदा भूकंपानं नेली होती, दुसऱ्यांदा त्यानं.

त्यानं आधी चित्राचा बिघाड काढला, मग पेट्रोल निथळून माती वाळवली, पाण्यात कालवून ब्रशनं पुन्हा जागेवर लावून पाहिली. लाल विमान ढिम्म हललं नाही. पुन्हा लावली, पुन्हा तेच. ती माती आता नुसतीच माती झाली होती. शेवटी त्यानं बोर्ड पुसला आणि मिस्त्रीला सुचावं तेच केलं. दोन रेघा मातीसारख्याच जोडलेल्या राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये एक छोटासा रेझिस्टन्स सोल्डरनं डकवून टाकला. नाणं टाकलं. लाल विमान तडक डाव्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. अप्पांना काय कळणार आहे, असं स्वतःला समजावत त्यानं निरोप धाडला. दुकानातल्याच एका खोक्यात बोर्ड जोडून ठेवला.

अप्पा दुपारी आले. पाऊस नुकताच थांबला होता. ते स्टुलावर बसले. या वेळी जिलानी मागं गेला नाही. चोरी पकडली जाते की काय या भीतीनं तो शेजारीच उभा राहिला आणि नीट लक्ष ठेवता यावं म्हणून त्यानं आवाज पार कमी केला. म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला अप्पांचं पुटपुटणं ऐकू आलं.

"निघ, गुणे. निघ की. वाट मोकळी केलीया बघ. निघ, माय."

पांढरं विमान कोपऱ्याच्या भोवती घिरट्या घालत होतं. लालवर येणारा प्रत्येक बाँब अप्पा वरच्या वर फोडत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. विरंगुळा म्हणून खेळणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. एक बाँब निसटला, लाल विमान कोपऱ्यातच फुटलं, आणि अप्पांनी डोळे मिटून घेतले. दुसरं लाल विमान आलं आणि तेही तडक कोपऱ्यात गेलं.

"आज लई घट्ट उभी हाय," अप्पा म्हणाले. "कुणीतरी दाबून धरल्यावानी."

 जिलानीनं मशीन बंद केलं आणि सगळं सांगून टाकलं. माती कशी धुतली गेली ते, आणि आता तिला कोपऱ्यात धरून ठेवणारा रेझिस्टन्स आपणच लावलाय, हेही. अप्पा चिडतील, हात उगारतील, असं त्याला वाटलं होतं. पण ते काळ्या काचेकडे वळले.

"मी गणपतीसंगं गेल्तो," ते म्हणाले. "मिरवणूक झाली आन् तिथंच देवळाच्या वट्ट्यावर आडवा झालो. ती घरात एकटीच. दार हुतं उजव्या हाताला. जमीन हलली तशी दाराकडं यायची सोडून ती डाव्या कोपऱ्यात गेली, कणगीच्या मागं. तिथंच घावली मला. भेली असंल. मी असतो तर वरडलो असतो, उजवीकडं ये म्हणून." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "तवापासून तिला बाहेर काढून राहिलो, जिलानीभाई. पर ती निघंना."

"मग अप्पा, त्या दिवशी मला माती पुसू का दिली नाही?"

"कोपऱ्यात का हुईना, दिसत तर हुती. दिसलीच न्हाई तर काढू कुणाला?"

 जिलानीनं सोल्डरची गन तापवली आणि तो रेझिस्टन्स काढून टाकला. सोल्डरचा थेंब स्वच्छ निघाला. मग त्यानं मशीन चालू केलं आणि नाणं स्वतःच टाकलं.

लाल विमान मधोमध उभं राहिलं. कोपऱ्यात गेलं नाही.

"बाहेर हाय," अप्पा हळूच म्हणाले. त्यांनी दांडी धरली आणि खेळायला सुरुवात केली. लाल विमानाच्या उजवीकडचं आभाळ ते साफ करत गेले.  दुसऱ्या दांडीपासून जिलानी हातभर लांब होता आणि ती दांडी सरळ उभी होती.

लाल विमान थरथरलं आणि उजवीकडे सरकू लागलं. धडपडत नाही, अंधारात भिंतीला हात लावत माणसानं जावं तसं. मधे थांबलं, पुन्हा निघालं. ते पडद्याच्या उजव्या कडेला पोचलं, तेव्हा अप्पांनी दांडी सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पांढरं विमान फुटलं, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"आली गं बाई," एवढंच ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. रडणं थांबल्यावर त्यांनी ट्रेमधली वाळलेली माती रुमालात बांधून घेतली आणि बोर्ड इथंच राहू दे म्हणाले. जिलानीनं त्यांना दारापर्यंत सोडलं. शिकवणी सुटलेल्या पोरांच्या सायकलींमधून वाट काढत ते निघून गेले.

जिलानी परत आला. सवयीनं त्यानं मीटर उचलला, बोर्डावर उजवीकडची रेघ शोधली आणि एक टोक तिच्यावर, दुसरं शेजारच्या रेघेवर टेकवलं; दोन्ही कुठं चिकटल्या असत्या तर काटा हलला असता. रेघ स्वच्छ होती, माती नव्हती, ओल नव्हती. तारा तपासल्या, दांडी उघडून तिचे खटके तपासले. पुन्हा टोकं टेकवून तो कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मीटरचा काटा जागचा हलला नाही.